लाल डोळा दर वेळी ‘आलेला’ नसतो

(नाशिकमध्ये तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डोळ्यांचा डॉक्टर आहे. आयोजकांनी मला मोबाइल आणि डोळे यावर बोलायला सांगितले होते. मीच विषय बदलून घेतला. मोबाइलवर सांगणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचे आहे ते अशा आजाराबद्दल, ज्याचे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले नसेल. हा आजार वीस ते पन्नास या वयात, म्हणजे माणूस शिकत असतो, कमावत असतो, घर चालवत असतो तेव्हाच जास्त करून गाठतो. वेळेत ओळखला तर बहुतेकांची नजर टिकते, उशीर झाला तर काही वेळा कायमची जाते.

२०२३ चा पावसाळा आठवा. जुलैमध्ये आळंदीत डोळ्यांची साथ आली आणि बघता बघता महाराष्ट्रभर पसरली. आपल्या नाशिकमध्येही घरोघरी कुणी ना कुणी काळा चष्मा लावून बसलेले होते. शाळांनी मुलांना घरी ठेवायला सांगितले. त्या दिवसांत लाल डोळा दिसला की सगळ्यांचे एकच निदान असायचे, ‘डोळे आलेत’. आणि दहापैकी नऊ वेळा ते बरोबरही होते. अडचण उरलेल्या एकाची असते. साथीच्या गर्दीत हा एक जण हरवतो. तोही आठ दिवस वाट पाहतो, मेडिकलमधून थेंब आणतो, शेजाऱ्याचे बरे झाले म्हणून आपलेही होईल असे समजतो. त्याचे डोळे आलेले नसतात. त्याला डोळ्याच्या आत सूज असते.

हा फरक आधी समजून घेऊ. डोळे येतात तेव्हा सूज डोळ्याच्या बाहेरच्या पातळ आवरणाला असते. डोळे चिकटतात, पाणी किंवा घाण येते, खाज सुटते, डोळ्यात वाळू गेल्यासारखे वाटते. घाण पुसली की दिसते मात्र साफ. बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत ते आपोआप बरे होते.

डोळ्याच्या आत, पांढऱ्या भागाच्या खाली, रक्तवाहिन्यांनी भरलेला एक थर आहे. बाहुलीभोवतीचे रंगीत वर्तुळ हा त्याचाच पुढचा भाग. हाच थर मागे पडद्याच्या पाठीशी अस्तरासारखा पसरलेला असतो आणि पडद्याला रक्त पुरवतो. या थराला सूज आली की त्याला आम्ही युव्हायटिस म्हणतो. इथे घाण येत नाही, पापण्या चिकटत नाहीत. लाली असते ती बुबुळाच्या कडेने, गोल. डोळा आतून ठणकतो. उजेड सहन होत नाही. दिसणे धूसर होते. आणि सूज मागच्या भागात असेल तर लालीही नसते, दुखतही नाही. डोळ्यासमोर नुसते काळे ठिपके किंवा माशा तरंगल्यासारखे दिसते, नाहीतर धुके आल्यासारखे वाटते.

म्हणून चार खुणा लक्षात ठेवा. लाली आहे पण चिकटपणा नाही. उजेडाचा त्रास होतो. नजर कमी झाली आहे. समोर नव्याने ठिपके तरंगत आहेत. यांपैकी एकही खूण दिसली, तर तो डोळा ‘आलेला’ आहे असे गृहीत धरू नका. एक-दोन दिवसांत डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. डोळा फार दुखत असेल किंवा नजर अचानक गेली असेल, तर त्याच दिवशी.

एक-दोन दिवसांची एवढी घाई कशाला, असे कुणी विचारेल. बाहुलीचे उदाहरण घ्या. बाहुलीच्या लगेच मागे डोळ्याचे नैसर्गिक भिंग असते. आत सूज आली की तिथले पाणी चिकट होते आणि बाहुलीची कड त्या भिंगाला चिकटू लागते. हे चिकटणे ताजे असेल, तर बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी ते सुटते. आमच्या डोळ्यांदेखत, तासाभरातही सुटते. तेच महिनाभर जुने झाले की सहसा सुटत नाही. बाहुली वाकडीतिकडी होऊन बसते. कड सगळीकडून चिकटली तर आतले पाणी अडते, डोळ्याचा दाब वाढतो आणि काचबिंदू होतो. आतल्या सुजेने तरुण वयात मोतीबिंदूही होतो. पडद्याच्या मधोमध, जिथून आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो, तिथे पाणी साचते. थोडे दिवस साचलेले पाणी उतरते आणि नजर परत येते. महिनोन् महिने साचून राहिले की तिथल्या पेशी मरतात. त्यानंतर सूज शंभर टक्के बरी केली, तरी त्या पेशी परत येत नाहीत.

म्हणजे नजरेचे नुकसान बरेचसे सूज किती दिवस राहिली आणि किती वेळा उलटली यावर ठरते. म्हणूनच आम्ही ती मोजतो. स्लिट लॅम्प नावाच्या यंत्रावर हनुवटी टेकवायला सांगतात ना, तेव्हा डॉक्टर तुमच्या डोळ्यात एक मिलिमीटर लांब-रुंद प्रकाशाचा झोत टाकून त्यात तरंगणाऱ्या पेशी मोजत असतो. एकही नसणे ही चांगली खूण. पन्नासहून जास्त असल्या तर सर्वांत वरची पायरी. ही मोजणी २००५ पासून जगभर एकाच पद्धतीने होते. मेडिकलच्या काउंटरवर उभे राहून ही मोजणी कुणालाही करता येणार नाही, मग तो माणूस कितीही अनुभवी असो.

आता एका आजाराबद्दल जरा सविस्तर सांगतो. सुरुवातीच्या खुणा आणि शेवटची नजर यांचे नाते त्यात फार स्पष्ट दिसते. त्याचे नाव व्होग्ट-कोयानागी-हारडा. व्होग्ट स्वित्झर्लंडचे, बाकीचे दोघे जपानचे. त्यांनी १९०६ ते १९२९ या काळात या आजाराची वेगवेगळी रूपे लिहून ठेवली. पण त्याचा इतिहास लिहिणारे आणखी मागे जातात, दहाव्या-अकराव्या शतकातल्या बगदादच्या अली इब्न ईसापर्यंत. डोळ्यांची सूज आणि पांढरे होणारे केस यांचा एकत्र उल्लेख त्याच्याकडे सापडतो. अली इब्न ईसा कह्हाल होता, म्हणजे नेत्रवैद्य. ‘कुहल’ म्हणजे सुरमा, त्यावरून हा शब्द आला. त्याचा ‘तज़किरतुल कह्हालीन’ हा ग्रंथ पुढे कित्येक शतके वैद्य वापरत होते. सुरम्याच्या नावाने ओळखला जाणारा तो माणूस एवढ्यावर थांबला नाही. तो एकेक डोळा बघत होता, खुणा टिपत होता, एका खुणेचा दुसरीशी संबंध जोडत होता.

या आजारात शरीराची संरक्षण व्यवस्था आपल्याच रंगपेशींवर उलटते. या पेशी त्वचेत आणि केसांत असतात हे आपल्याला माहीत असते. पण त्या डोळ्यात, कानाच्या आत आणि मेंदूच्या आवरणातही असतात. म्हणून सुरुवात विचित्र होते. आधी काही दिवस जोराची डोकेदुखी, मान आखडणे, कानात आवाज, केसांना हात लावला तरी टाळू दुखणे. मग दोन्ही डोळ्यांना धुरकट दिसू लागते. पुढे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पापण्यांचे, भुवयांचे केस पांढरे होतात, अंगावर पांढरे डाग येतात.

नीट पाहा, लोकांच्या नजरेत भरणारी खूण उशिरा येते. लवकर येणारी खूण फक्त रुग्णाला जाणवते. ती त्याने सांगावी लागते आणि घरच्यांनी ऐकावी लागते.

दोन रुग्णांचे सांगतो. ओळख पटेल असे काही सांगणार नाही. पहिली मुलगी कॉलेजमधली. तीन दिवस डोके दुखत होते, कान वाजत होते. घरचे म्हणाले, परीक्षेचे टेन्शन. पाचव्या दिवशी तिला फळ्यावरचे दिसेना. एक नातेवाईक म्हणाला, कुणाचा तरी असर आहे, अमुक ठिकाणी नेऊ. तिची आई म्हणाली, दुआ मी घरी करते, तू आधी रिक्षा बोलाव. ती आली तेव्हा तिला हातभर अंतरावरची बोटे मोजता येत होती, त्यापलीकडे काही नाही. दोन्ही पडद्यांखाली पाणी साचले होते. तीन दिवस शिरेतून स्टिरॉइड, मग गोळ्या, बरोबर दुसरे एक औषध. काही महिन्यांत ती पुन्हा वाचू लागली.

दुसऱ्या बाई साधारण तिशीच्या. आजार तोच. त्या पहिल्यांदा आल्या चार महिन्यांनी. मधल्या काळात चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला होता. कुणाच्या तरी सांगण्यावरून स्टिरॉइडच्या गोळ्या दहा दिवस घेतल्या, बरे वाटले, सोडल्या. पुन्हा त्रास, पुन्हा दहा दिवस. त्या आल्या तेव्हा पडद्यामागचा रंग उडून तो मावळतीच्या आभाळासारखा केशरी दिसत होता. मोतीबिंदू झालेला, दाब वाढलेला. आम्ही होती तेवढी नजर सांभाळली. गेलेली परत आणता आली नाही.

पहिल्या दिवशी या मुलीला त्या बाईंपेक्षाही कमी दिसत होते. सुरुवातीला नजर किती खाली गेली यावरच सगळे ठरत नाही. या आजारात पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पुरेशा ताकदीचे उपचार सुरू होणे आणि ते पुरेसे लांब चालू राहणे, या दोन गोष्टींना फार महत्त्व आहे. स्टिरॉइड सहा महिन्यांच्या आत बंद केले की आजार उलटण्याचा धोका वाढतो. मात्र लवकर आलात म्हणजे नजर वाचलीच, असे वचन मी देणार नाही. काही आजार पहिल्यापासूनच जोराचे असतात. डोळ्याच्या मागच्या भागातली सूज पुढच्या भागातल्या सुजेपेक्षा जास्त घातक असते. पण वेळ ही एकच गोष्ट अशी आहे, जी डॉक्टरइतकीच तुमच्याही हातात आहे.

ही सूज येते कशाने? बऱ्याचदा कारण सापडत नाही. सापडते तेव्हा ते अनेकदा डोळ्याच्या बाहेर असते.

आपल्या देशात पहिला विचार क्षयरोगाचा. जगातले साधारण एक चतुर्थांश टीबीचे रुग्ण भारतात आहेत. मालेगावच्या यंत्रमागांच्या दाटीत असो, जुन्या नाशिकच्या एकेका खोलीत असो, हवा खेळत नाही तिथे टीबी सहज पसरतो. डोळ्याच्या टीबीत बहुतेकांना खोकला नसतो. म्हणून डोळ्याच्या डॉक्टरने छातीचा एक्स-रे सांगितला तर ‘हा काहीतरीच तपासण्या लावतो’ असे म्हणू नका. औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. पोषणासाठी महिन्याला एक हजार रुपयेही मिळतात, नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते पाचशे होते. टीबीच्या औषधांपैकी एथॅम्ब्युटॉल क्वचित डोळ्याच्या नसेला त्रास देते. म्हणून ते चालू असताना नजर आणि रंगांची ओळख तपासत राहावी. सिफिलिसची रक्ततपासणीही आम्ही जवळजवळ प्रत्येकाची करतो. त्यात कुणाच्या चारित्र्यावर संशय नसतो.

दुसरी खूण पाठीत असते. सकाळी उठल्यावर कंबर अर्धा तासाहून जास्त आखडलेली, हालचाल केली की मोकळी होणारी, असे तीन महिने चालू असेल आणि एखाद्या डोळ्याला लाली-ठणका येऊन जात असेल, तर दोन्ही गोष्टी एकाच डॉक्टरला सांगा. पंचविशीतली मुले कंबरेसाठी एकाकडे जातात, डोळ्यासाठी दुसऱ्याकडे, आणि संबंध कुणीच जोडत नाही.

तिसरी तोंडात. आपण म्हणतो तोंड आलंय, उष्णता झाली. वारंवार तोंड येणे, गुप्तांगावर फोड येणे आणि डोळ्याला सूज, असे तिन्ही मिळून दिसणारा एक आजार १९३७ साली इस्तंबूलच्या हुलुसी बेहचेत या त्वचारोगतज्ज्ञांनी मांडला. तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. लाजेपोटी दुसरी खूण लपवली की निदान लांबते आणि त्याची किंमत डोळा मोजतो.

चौथी गोष्ट इजेची. लुई ब्रेल हे नाव तुम्हाला माहीत आहे. १८०९ साली फ्रान्समध्ये जन्मलेला हा मुलगा तीन वर्षांचा असताना वडिलांच्या खोगीर बनवण्याच्या कारखान्यात खेळत होता. आरी एका डोळ्यात घुसली. पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. एका डोळ्याच्या जखमेनंतर शरीर दुसऱ्या, चांगल्या डोळ्यावर उलटते, त्यातलाच हा प्रकार असावा असे मानले जाते. हे क्वचित होते, पण होते. बहुधा पहिल्या काही महिन्यांत, कधी कधी वर्षांनीही. सातपूर-अंबडला लेथवर, ग्राइंडरवर काम करणारे तुमचे भाऊ-मित्र असतील. त्यांना सांगा, गॉगल घाला. आणि डोळ्यात काही घुसून जखम झाली असेल, तर पुढे चांगल्या डोळ्याला उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागले, तर त्याच दिवशी या.

पाचवी गोष्ट लहान मुलांची. लहानपणीच्या सांधेदुखीत, विशेषतः मुलींमध्ये, डोळ्याच्या आत सूज येते, पण डोळा लाल होत नाही, दुखत नाही. मूल तक्रारच करत नाही. इथे खुणेची वाट पाहायचीच नसते. सांधे सुजलेल्या अशा मुलाचे डोळे डॉक्टर सांगतील तसे, बऱ्याचदा दर तीन महिन्यांनी, यंत्रावर तपासून घ्यायचे.

हे सगळे माहीत असूनही लोक उशिरा का येतात? मला दिसणारी कारणे सांगतो.

एक, मेडिकलचे थेंब. त्यात अनेकदा अँटिबायोटिकबरोबर स्टिरॉइड असते. डोळा दोन दिवसांत पांढरा होतो, आपण खूश. आतली सूज अर्धवट दबते आणि निदान अवघड होते. तेच थेंब महिनोन् महिने घातले तर मोतीबिंदू आणि काचबिंदू होऊ शकतो. द्राक्षबागेत छाटणी करताना डोळ्याला काडी किंवा पान लागले असेल, तर ते थेंब आणखी घातक. अशा जखमेत बुरशी असू शकते आणि स्टिरॉइड तिला खतपाणी घालते. स्टिरॉइड हे वाईट औषध नाही. युव्हायटिसमध्ये तेच नजर वाचवते. पण कुठे, किती आणि केव्हा कमी करायचे हे तपासून ठरवावे लागते. मनाने सुरू करू नका आणि मनाने थांबवू नका. चेहरा सुजतो म्हणून मुली गोळ्या सोडतात. तसे झाले तर डॉक्टरला सांगा, औषध बदलता येते.

दोन, घरगुती इलाज. गुलाबपाणी, मध, दूध, सुरमा. दुखऱ्या डोळ्यात यांतले काहीही नको. बाजारातल्या सुरम्यांत शिसे असल्याचे तपासण्यांत वारंवार आढळले आहे. लहान बाळांना तर तो लावूच नका.

तीन, रमज़ान. दर वर्षी काही रुग्ण दिवसभर थेंब घालत नाहीत आणि आजार उलटतो. हनफी मतानुसार डोळ्यात औषध घातल्याने रोज़ा मोडत नाही. गोळ्यांचा प्रश्न वेगळा आहे. पण आजाऱ्याला रोज़्यात सवलत आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. रमज़ानच्या आधी डॉक्टर आणि तुमचा विश्वास असलेले आलिम, दोघांना विचारून घ्या.

चार, आणि हे मला सर्वांत जास्त खटकते, घरातल्या बाईचा डोळा सगळ्यांत शेवटी दाखवला जातो. अब्बांचा मोतीबिंदू वेळेत निघतो. भाभीला महिनाभर धूसर दिसते, पण तिला घेऊन जायला कुणाला सवड नसते. मुलीच्या अंगावर पांढरे डाग आले, तर लग्न जमणार नाही म्हणून उपचारच लपवले जातात, कागदपत्रे फाडली जातात. हा आजार संसर्गाने पसरत नाही. मुलीचे स्थळ सांभाळायच्या नादात तिची नजर घालवू नका.

शेवटी, घरी गेल्यावर करता येईल असे काही. एक डोळा हाताने झाकून समोरचे कॅलेंडर वाचा, मग दुसरा झाकून. दोन्ही उघडे असताना एकाची कमतरता कळत नाही. घरातल्या प्रत्येकाकडून हे करून घ्या, अम्मी आणि दादीकडूनही. फरक जाणवला तर सिव्हिल हॉस्पिटलच्या नेत्रविभागात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे जा. जाताना त्रास कोणत्या तारखेला सुरू झाला ते लिहून न्या. कोणते थेंब घातले त्याची बाटली न्या. डोकेदुखी, कान, कंबर, तोंड, सांधे, जुना टीबी, जुनी जखम, यांतले जे असेल ते न विचारता सांगा. युव्हायटिस निघाला तर पुढची तारीख चुकवू नका, डोळा पांढरा झाला तरी. आतल्या पेशी आरशात दिसत नाहीत.

आता प्रश्न विचारा. आणि उजेडाकडे बघायला त्रास होणारे कुणी इथे बसले असेल, तर कार्यक्रम संपल्यावर निघून जाऊ नका, मला भेटा.